हातची उंची

तंबूत टिंग वाजतं.
शर्यत संपलेली असते, तिकडे तीन किलोमीटरवर,
हवेत आखलेल्या, कुणालाच न दिसणाऱ्या वर्तुळाच्या काठाशी.
पडद्यावर एक आकडा हिरवा होतो
आणि मी वहीत लिहिते, कुणी सांगितलेलं नसताना लिहिते:
लोरांत, चार वाजून सव्वीस.
बाहेर बाकांवर अकरा माणसं आहेत.
त्यांतली दोन झोपलीत.

पूर्वी मी गवतात पालथी पडलेली असायचे.
दोन खांबांच्या रेषेत लावलेला डोळा,
मुठीत बापाचं जुनं स्टॉपवॉच.
रेडिओवर खरखर यायची, 'एक मिनिट',
आणि तिसेकाठचं हे सगळं मैदान गप्प.
लांगोश तळणारी बोग्लार्कासुद्धा
झारा कढईवर तसाच धरून.

आधी काहीच नाही.
मग सूर्यफुलांच्या शेतावर एक पांढरी सुई,
मग पंख, मग पोटातून सांडणारं पाणी,
शंभर-दीडशे लिटर, एका दमात.
इंजिन नाही म्हणजे आवाज नाही, असं म्हणणाऱ्यांनी
तिथं पालथं पडून पाहावं.
ताशी अडीचशे, डोक्यावर जेमतेम पाच पुरुष.
गवत पाठीवर लोळून जायचं.
'गोल!' मी ओरडायचे
आणि ग्लायडर नाक उचलून सरळ आभाळात,
जणू खाली काही विसरलं होतं, ते घेऊन निघालं.
टाळ्या. माझ्याही. खोटं कशाला बोलू.

हिशोब पहिलीतल्या पोराचा आहे:
उंची ही शिल्लक, वेग हा खर्च.
गाठीला असायचं तो उधळायचा, शोभायचंही त्याला.
पण पाच तास उन्हात वाळलेला,
ओठ फुटलेला, एकेका गुणासाठी झुरणारा,
खिशात दमडी नसलेला,
त्यालाही तसंच यावं लागायचं.
बाकं भरलेली असायची ना.

त्या जुलैत लोरांत आला. पाणी नाही. शीळ नाही.
मान वळवली तर तो सूर्यफुलांच्या वर नव्हता,
सूर्यफुलांत होता.
पॉपलरच्या रस्त्यावर बोग्लार्काचा झोम्बोर, नऊ वर्षांचा,
त्यानं सायकल सोडली आणि आडवा झाला.
लोरांत रेषेवरून गेला. वर उठला नाही,
उठायला काही उरलंच नव्हतं.
घसरत थांबला माझ्यापासून तीस पावलांवर.
सगळ्यात मोठ्या टाळ्या त्या दिवशी पडल्या.

मी शेपटाशी गेले.
मागच्या चाकात एक फूल, ताटाएवढं, देठासकट.
उपटलं. बोटांना चीक, पिवळी पूड.
झोम्बोर हसतच आला, गुडघे सोललेले.
आईनं लांगोश हातात दिली,
ती त्याला धरता येईना.

हिवाळ्यात सभा. शेगडीला पाठ लावून
लोरांतनं विचारलं, 'मग लोकांनी बघायचं काय?'
प्रश्न बरोबर होता. आजही आहे.
मी उत्तर दिलं नाही, हात वर केला.
वर्तुळ, त्याला किमान उंची, खाली आलात तर मीटरमागे एक गुण वजा.
हातचा धरल्याशिवाय बेरीज मान्य नाही.
एका मतानं ठरलं.

तीन उन्हाळ्यांत बाकं ओस पडली.
बोग्लार्कानं कढई विकली, माझ्याशी बोलणं टाकलं.
धंदा बुडवलास, म्हणाली.
झोम्बोर आता ट्रक चालवतो. त्याला दोन मुली आहेत.

आता येतात ते उंचावरून, चाक काढून, सावकाश,
वाचनालयात पुस्तक परत करायला यावं तसे.
लोरांत सत्तरीचा झालाय. टोपी काढत विचारतो,
'कंटाळवाणं झालंय, नाही?'
'फार,' मी म्हणते.

सत्तावीस गेले. सव्वीस आले.
सत्ताविसावा तिकडे दूर पाणी सोडतोय,
पांढरी रेघ, जमिनीपर्यंत पोचत नाही, मध्येच विरते.
अकरांतलं कुणी वर पाहत नाही.
मी पाहते,
पेन्सिल वहीला टेकवून.